वरची छाती: एका जॉबरच्या प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२३, रविवार

आजपासून वही. टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर, म्हणजे माग जुळवणारा, दुरुस्त करणारा. तिथलीच जुनी वही आहे, मागच्या पानांवर बीमचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळांचा हिशोब. पुढून छाती, मागून टॉवेल.

चार वर्षं जिमला जातोय. दिवसपाळी असली की संध्याकाळी, रात्रपाळी असली की सकाळी घरी जाऊन झोपायच्या आधी. दंड भरले, खांदे गोल झाले, छातीचा खालचा भाग बनियनमधून दिसतो. पण गळ्याखालच्या आडव्या हाडापासून चार बोटं खालपर्यंत काहीच नाही. आमच्या शेडमधला एक ऑपरेटर त्याला पार्क मैदान म्हणतो, आमच्या सोलापूरचं सपाट मैदान. गेल्या महिन्यात मेहुण्याच्या लग्नाचे फोटो आले. सफारीचं वरचं बटण उघडं, आणि आत दोन हाडं न् एक खड्डा. बायको काही बोलली नाही, फोटो झूम मात्र केला.

ठरवलं असं: जूनपर्यंत फक्त वरच्या छातीच्या मागे लागायचं. बाकी शरीर आहे तेवढं सांभाळायचं.

आजची मापं. वजन ६६ किलो, उंची १७० सेंमी. छाती नेहमीच्या जागी, श्वास सोडून, ९४ सेंमी. पण त्या मापाला वरची छाती कळतच नाही, टेप तिच्या खालूनच जातो. म्हणून दुसरं माप ठरवलं: टेप काखेत जितका वर जाईल तितका वर, हात खाली सोडून. ९६ सेंमी. यात पाठ पण मोजली जाते, माहीत आहे. दुसरा इलाज नाही.

फोटो सकाळी सातला, खिडकीसमोर, कॅलेंडरच्या खिळ्याखाली उभं राहून. जिममधल्या वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटखाली काढायचा नाही. तिथं कुणीही पैलवान दिसतो.

५ डिसेंबर, मंगळवार

कारखान्यातला कोनमापक खिशात घालून जिमला गेलो. इनक्लाइनच्या, म्हणजे कलत्या पाठीच्या बेंचवर पाठीच्या फळीला लावला.

५२ अंश.

परत लावला. ५२. मोबाइलवर पण बघितलं, ५१ न् ५२ च्या मध्ये. फळी वेल्डिंग केलेली, हलत नाही. म्हणजे चार वर्षं मी ज्याला छातीचा व्यायाम म्हणत होतो तो जवळजवळ बसून केलेला खांद्याचा व्यायाम होता. फळी जितकी उभी, तितकं वजन डोक्याच्या दिशेनं वर ढकललं जातं आणि तितका खांद्याचा पुढचा स्नायू ते आपल्या अंगावर घेतो. तीस अंशांच्या आसपास वरच्या छातीला सगळ्यात चांगलं काम लागतं, पंचेचाळीसच्या पुढे खांदा कारभारी होतो. माझे खांदे गोल का झाले ते कळलं. फुकट नाही गेले म्हणायचे.

जिमच्या सरांना सांगितलं. म्हणाले, "कंपनीतूनच असा येतो बे. सगळे यावरच मारतात." सगळ्यांच्या छात्या बघितल्या. खरंच सगळे यावरच मारतात.

१० डिसेंबर, रविवार

आज व्यायाम नाही, नुसता विचार. नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं, टाकी भरेस्तोवर बसून होतो.

छातीचा मोठा स्नायू पंख्यासारखा आहे. वरचा तुकडा कॉलरबोनच्या आतल्या अर्ध्या भागावरून निघतो, खालचा मोठा तुकडा छातीच्या मधल्या हाडावरून आणि बरगड्यांच्या कूर्चांवरून. दोन्ही पुढं जाऊन दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळ एकत्र बसतात. स्नायू एकच, पण दोन ठिकाणांहून सुटलेला.

टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात, तसंच हे. ग्राउंड बीम ताणलेला असतो, त्यानं कापड धरून ठेवायचं. पाइल बीम ढिला सोडायचा, त्याच्या सुताच्या लूप होतात न् टॉवेलला अंग येतं. पाइलचा फीड अडकला तरी माग बंद पडत नाही. ग्राउंड चालू, बाणा चालू, ऑपरेटर चहाला गेलेला. कापड निघत राहतं, पण टकलं. मीटर भरतात, टॉवेल होत नाही. माझं चार वर्षं तेच चाललंय.

उपमा इथंच संपते, कारण पाइल बीम वेगळा सोडता येतो, छातीचा वरचा तुकडा एकटा चालवता येत नाही. खालचा, खांदा, दंडामागचा स्नायू, सगळे बरोबर येणारच. आपण फक्त कामाचा जास्त वाटा त्याच्याकडे जाईल असं बघायचं.

आणि वाटा कसा जातो? तंतू कॉलरबोनवरून खाली-बाहेर दंडाकडे उतरतात. म्हणजे दंड खालून वर आणि बाहेरून आत, हनुवटीच्या दिशेनं आला की ते आखडतात. त्या रेषेत वजन ढकलायचं, एवढीच भानगड आहे. रेष सोडून शंभर किलो उचलले तरी ते दुसऱ्याच्या खात्यात जमा.

छातीच्या मधली फट मात्र भरत नाही. स्नायू हाडाला जिथं चिकटलाय तिथंच चिकटलेला राहणार, ते जन्माचं. "आतली छाती" काढून देतो म्हणणारे मोबाइलवर पुष्कळ दिसतात.

१४ डिसेंबर, गुरुवार

जुगाड. सरळ बेंचच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे, मिळून २५ सेंमी. दोन पायांमधलं अंतर ९० सेंमी. कोन आला १६ अंश. यापेक्षा वर नेला तर बेंच घसरतो. पायाखाली रबरी मॅट टाकली तरी एकदा सरकलाच.

सोळा अंश तीसपेक्षा कमी आहे, पण बावन्नपेक्षा शहाणा आहे.

१७.५ किलोचे डंबेल आडवं पडून वर ढकलले, म्हणजे प्रेस. चार सेट, म्हणजे थांबून थांबून चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीतले रेप, म्हणजे किती वेळा ढकलले ते: ८, ८, ७, ६. जुन्या बेंचवर मी २२.५ चे मारत होतो. कोन उतरला की ताकद वाढायला पाहिजे, माझी घटली. कारण आज पहिल्यांदा डंबेल खाली आणताना मनात तीन मोजले. आधी मी ते खाली आणतच नव्हतो, सोडत होतो, न् छातीवरून उसळले की वर. शेजारचा पोरगा डंबेलवरचा आकडा वाचून हसला. वाच बाबा.

२६ डिसेंबर, मंगळवार

कोपर. रात्रभर विचार करण्यासारखी गोष्ट निघाली ही.

कोपरं अंगापासून सरळ बाहेर, खांद्याच्या रेषेत उघडली की खालच्या टप्प्यात खांद्याच्या पुढच्या भागात टोचतं. अगदी अंगाला चिकटवली की दंडामागच्या स्नायूला काम. मधे कुठंतरी, अंगापासून साधारण पंचेचाळीस ते साठ अंशांवर, एक जागा आहे जिथं कॉलरबोनच्या खाली, बोट ठेवावं तिथंच, ताण येतो. परवा तिसऱ्या सेटला तो आला. पहिल्यांदा. इतका ओळखीचा नव्हता की वाटलं काहीतरी दुखावलं.

दुसऱ्या दिवशी तिथंच ठणकत होतं. शर्टाच्या कॉलरखाली. ठणकलं म्हणजे वाढलं असं नसतं, पण बावन्न अंशांवर चार वर्षांत ती जागा एकदाही ठणकली नव्हती.

आठवड्याचा बेत असा लावला. दोन दिवस छाती, मधे किमान दोन दिवस मोकळे. पहिल्या दिवशी डंबेल प्रेस चार सेट आणि खालून वर केबल, म्हणजे कप्पीवरची वजनाची दोरी, तीन सेट. दुसऱ्या दिवशी बारबेल, म्हणजे लांब दांडी, तीन सेट आणि शेवटी काहीतरी अंगाच्या वजनाचं दोन सेट. आठवड्याला बारा. चारही सेटला दहा-दहा पूर्ण झाले की मगच पुढचं डंबेल. प्रेसच्या दोन सेटमध्ये अडीच मिनिटं थांबायचं, मोबाइल न बघता. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

२१ जानेवारी २०२४, रविवार

गड्ड्यात, म्हणजे इथल्या जत्रेत, दोन आठवडे गेले. सिद्धेश्वराची यात्रा म्हटल्यावर कोण जिमला जातंय. एक दिवस ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला नंदीध्वजांच्या मागे चाललो, एक दिवस अक्षता, मग पोरीला पाळण्यात बसवायला दोनदा.

बाराबंदीच्या जुन्या पेहरावातल्या माणसांकडे बघत होतो. नंदीध्वजांच्या सातही काठ्या एवढ्या उंच, एकेकटा माणूस पेलून चालतोय, बाकीचे आळीपाळीनं खांदा बदलायला तयार. त्यांच्यातल्या कुणाची छाती फोटोत येते तशी नाही. पोट आहे, मान जाड आहे, पाठ दरवाज्यासारखी. काठी डगमगली की अख्खं अंग एकदम दगड होतं. मी कॉलरबोनखालच्या चार बोटांसाठी वही लिहितोय. थोडी लाज वाटली. मग गड्ड्यात भजी खाल्ली.

काल परत सुरू: १७.५ किलो, १०, १०, ९, ९. दोन आठवड्यांच्या सुट्टीनं काही बिघडलं नाही, उलट ताजं वाटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

अंगाच्या वजनाचं काय करायचं ते वस्तादांनी सोडवलं. आमच्या गल्लीतली तालीम आता बरीचशी लेझीम न् गणपतीपुरती उरली आहे, पण वस्ताद रोज पहाटे दार उघडतात, मारुतीला तेल घालतात आणि ओट्यावर बसतात. त्यांना सांगितलं, वरची छाती भरायची आहे.

"जोर मारतोस का?"

"मारतो की, वस्ताद. शेवटी वीस-पंचवीस."

"पाय कुठं असतात?"

"जमिनीवर."

"मग छाती जमिनीवरच राहणार. पायरीवर टाक बे."

तालमीच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, जुन्या, मधून झिजलेल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर पाय, खाली दोन विटांवर हात. पहिल्याच जोरात डोकं तापलं. चौदा मारले न् विटांमध्ये नाक घातलं. वस्ताद म्हणाले, जुनी माणसं अशीच मारायची, आम्हाला इंग्रजी नाव माहीत नव्हतं एवढंच.

मला हिशोब पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी जिममधला वजनकाटा हातांखाली घेतला. पाय जमिनीवर असताना काटा ४३ किलो दाखवतो. पाय साधारण दोन फूट वर असले की ४९. माझं वजन ६७. म्हणजे नुसते पाय वर टाकले की सहा किलो फुकटात वाढले, आणि दंडाची दिशा इनक्लाइनसारखी डोक्याकडे झाली. पण कंबर खाली लोंबू दिली की सगळं मुसळ केरात, परत सपाट जोर.

डंबेल २० किलो सुरू झाले: ८, ७, ७, ६.

१८ फेब्रुवारी, रविवार

बेंच बनवला. ठोकळ्यांवरचा बेंच परवा तिसऱ्यांदा सरकला, दोन्ही हातांत वीस-वीस किलो होते. सर म्हणाले, आता बस्स. बरोबर म्हणाले.

अक्कलकोट रोडला एक वेल्डर चाचा आहेत, आमच्या मागांचे ब्रॅकेट तेच करतात. भंगारातून ५० बाय ५० मिमीचा चौकोनी पाइप काढला. फळी ७५ सेंमी लांब, १८ मिमीचं प्लायवुड, वर फोम न् काळं रेक्झिन. चाचांच्या फरशीवर खडूनं आकृती काढली. फळीचं वरचं टोक किती उचलायचं ते असं: १५ अंशांना साडेएकोणीस सेंमी, ३० ला साडेसदतीस, ४५ ला ५३. तीसचा हिशोब कुणालाही तोंडी येतो, लांबीच्या बरोबर निम्मं. मागच्या टेकूला तीन भोकं, त्यात पिन. पंचेचाळीसचं भोक कशाला ठेवलं विचाराल तर चाचांनी आधीच पाडलं होतं.

"काय बे, पलंग बनवतोस का?"

"छाती बनवतोय, चाचा."

"मग पलंगच बनव. खाऊन झोपशील तर बनेल." हे सगळ्यात शहाणं वाक्य होतं, पण तेव्हा मी खडू पुसत होतो.

खर्च पाइप, वेल्डिंग, गादी मिळून चौतीसशे. टेम्पोत टाकून जिमला नेला. सरांनी जागा दिली, अट एकच, सगळ्यांना वापरू द्यायचा. उद्या शिवजयंती, रस्त्यावर लेझीमचा सराव चालू होता, टेम्पो अर्धा तास अडकला. पोरं हलगीवर पाय टाकत होती, मी मागं बेंचवर आडवा.

२५ फेब्रुवारी, रविवार

चूक सापडली, माझीच.

नवीन बेंचवर तीस अंशांचं भोक, आणि तरी कॉलरबोनखाली ताण येत नव्हता. ठोकळ्यांवर सोळा अंशांना येत होता, इथं नाही. दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोराला म्हटलं, मी प्रेस मारतो, तू कोनमापक माझ्या छातीच्या मधल्या हाडावर धर.

पहिल्या रेपला २३. छातीचं हाड मुळातच पाठीशी समांतर नसतं, त्यामुळे फळी तीसला असली तरी तेवढं कमी दिसणं ठीक. सहाव्या रेपला १२. आठव्याला ८.

मी घसरत होतो. बसायची सीट सपाट केली होती, रेक्झिन नवं, गुळगुळीत, अंगाला घाम. प्रत्येक रेपला ढुंगण बोटभर पुढं, कंबर वर उचललेली, छाती सपाट. बेंच तीस अंशांवर, मी आठ अंशांवर. चार वर्षांचा दोष फळीला दिला न् आता फळी बरोबर तर माणूस वाकडा.

इलाज सोपा निघाला. सीटच्या पुढच्या टोकाखाली पाचर मारली, सीट दहा अंश मागं कलली. आता बसलं की आपोआप फळीत रुततो. पाय जमिनीत रोवायचे, पण ढकलायचे नाहीत. कंबरेखाली पंजा जाईल एवढी फट चालेल, उशी जाईल एवढी नाही. चाचांकडे नेऊन पाचरीच्या जागी पट्टी मारून घेतली, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

लगेच २० किलो: ९, ९, ८, ८, आणि ताण जागेवर.

३ मार्च, रविवार

खाणं. चाचांचं वाक्य आठवलं.

वजन ६७ वर अडकलंय. स्नायू वाढायला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरतात. मी सुरुवातीच्या ६६ वर धरलं, म्हणजे १०५ ग्रॅम. आठवडाभर खरं काय खातो ते लिहिलं तर साठच्या पुढं जाईना. दुपारचा डबा तीन भाकरी, शेंगा चटणी, कांदा. पोट भरतं, जीभ खूश, पण शेंगांमधून प्रथिनांपेक्षा तेल जास्त येतं. सोलापूरकराला हे सांगणं म्हणजे भांडण.

चटणी सोडणार नाही. नवीन हिशोब: तीन ज्वारीच्या भाकरी २४, चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या आमटी १२, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी २६, आणि चटणी ५. एकशे सात. सोयाबीन वडी पोरीनं "स्पंज" म्हणून नाकारली. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असली की चौथी भाकरी जाते, तो बोनस.

डब्यातली पावडर घेणार नाही. मागच्या वर्षी एका दुकानातून आणलेल्या डब्याचं सील आधीच ढिलं होतं, आत कस्टर्डसारखं काहीतरी गोड. परत द्यायला गेलो तर बिल मागितलं. बिल त्यानंच दिलं नव्हतं.

१७ मार्च, रविवार

उजवा खांदा गेला. गेला म्हणजे पुढच्या बाजूला, हात मागच्या खिशात घालताना कळ.

गेल्या रविवारी २० किलोला १०, १०, १०, ९ झाले होते. नियमानं एक रेप बाकी होता. मी हुशारी केली, थेट २२.५, आणि वरून डंबेल फ्लाय, म्हणजे आडवं पडून हात पंखांसारखे बाजूला उघडणं, ते पण हात जितके खाली जातील तितके खाली. कुणीतरी बघत होतं. पुढचं लिहायची गरज नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी हात सगळीकडे फिरवून बघितला, फाटलं काही नाही, सूज आहे म्हणाले, दुखतं ते दोन आठवडे करू नका. मग एक प्रश्न विचारला: काम काय करता? सांगितलं, मागावर वाकून गाठी मारतो, पाळीला दहा-बारा तास. ते हसले. मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. डोकं टेकलं, खांदे टेकेनात. दोन्ही खांदे पुढं गोल आलेले, जणू कुणीतरी अंगरखा आतून ओढतंय.

खांदे पुढं झुकले की कॉलरबोनखाली आपोआप खड्डा पडतो. स्नायू असो नसो. मी तीन महिने खड्डा भरायला बघतोय आणि रोज बारा तास तो खणतोय.

म्हणून आजपासून जेवढे सेट ढकलायचे तेवढेच ओढायचे. रोइंग, आणि केबल चेहऱ्याकडे ओढणं. मागावर दर तासाला एकदा सरळ होऊन खांदे मागं, ऑपरेटर चिडवू दे.

प्रेसच्या जागी दोन आठवडे हे: बारबेलचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात, आमच्याच कारखान्यातला रिजेक्ट टॉवेल गुंडाळून, दुसऱ्या टोकाला दहाची प्लेट. ते टोक दोन्ही हातांत धरून छातीपासून पुढं-वर ढकलायचं. कमानीतून जातं, खांद्याला टोचत नाही, आणि रेष तीच, खालून हनुवटीकडे.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. सकाळी गुढी, नंतर जिम अर्धा दिवस उघडी. २० किलो, १०, १०, १०, १०. दुखलं नाही. पुरणपोळीचा हिशोब लिहित नाही.

२८ एप्रिल, रविवार

पारा बेचाळीसच्या वर. जिमवर पत्रा. कारखान्यात तर सूत तुटू नये म्हणून हवेत ओल ठेवावी लागते, म्हणजे भट्टीत वाफ. पाळी संपवून आलेला माणूस आणि पिळलेलं कापड यात फरक नसतो. उजनी धरणाची पातळी मायनसमध्ये गेलेली, नळाला पाणी कधी पाचव्या, कधी सहाव्या दिवशी. पाणी आलं की दोन जिने कळशा, तोच त्या दिवसाचा व्यायाम.

संध्याकाळी जायचं बंद, पहाटे साडेपाचला. तरी आकडे खाली आले, २२.५ ला ७, ६, ६, ५. एका रेपला घामानं डंबेल मनगटात फिरलं, नशीब वर होतं. टॉवेलच्या गावात राहून टॉवेल घरी विसरलो होतो.

ताक, मीठ घालून, लोटाभर. सेट बारावरून नऊवर आणले. या महिन्यात काही वाढवायचं नाही, हातचं जाऊ द्यायचं नाही एवढंच.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. शाई लावलेल्या बोटानं डंबेल. झोप पूर्ण झालेली, आठ तास, कित्येक आठवड्यांनी. २२.५ किलो: ८, ८, ७, ७. ऊन तेवढंच होतं, फरक झोपेचा.

रात्रपाळीच्या आठवड्यांत आकडा कधीच वाढलेला नाही. वही उलटून बघितली, डिसेंबरपासून एकदाही नाही. चाचा, पलंग.

२ जून, रविवार

सहा महिने. मापं.

वजन ६९.५. छाती नेहमीच्या जागी ९६, म्हणजे दोन सेंमी. काखेच्या वरच्या टोकाला ९९, तीन सेंमी. यात रोइंगनं वाढलेली पाठ किती न् चरबी किती ते टेपला विचारून उपयोग नाही. साडेतीन किलोतलं थोडं पोटावर आहे, बेल्टचं भोक साक्षीदार.

फोटो सकाळी सातला, त्याच खिळ्याखाली. दोन्ही शेजारी ठेवले. समोरून बघितलं तर आधी काही वाटलं नाही, निराश झालो खरं. मग बाजूचा फोटो. डिसेंबरमध्ये कॉलरबोनपासून रेष आत जाऊन मग बाहेर येत होती. आता हाडापासून थेट उतरते. फुगीर नाही, पण पोकळ पण नाही. निम्मं श्रेय तरी खांदे मागं आल्याचं असणार.

बायकोला विचारलं, फरक दिसतो का. म्हणाली, शर्ट इथं जरा तटतोय, आणि बोट ठेवलं. बरोबर त्याच जागेवर.

२२.५ किलो: १०, १०, १०, ९. एक रेप बाकी. या वेळी थांबलो.

२३ जून, रविवार

२५ किलोचे डंबेल, पहिला सेट ६. पुढचे ५, ५. मांडीवरून वर घेतानाच निम्मा दम जातो, गुडघ्यानं लाथ मारून एकेक वर घ्यायची कला शिकावी लागली. खांदा शांत.

सरांनी जुना बावन्न अंशांचा बेंच माझ्याकडे दिला, तू जॉबर आहेस, बघ याचं काय होतंय ते. काल चाचांकडे फळीचं वेल्डिंग कापलं, टेकू बसवला, चार भोकं पाडली. प्रत्येक भोकाशेजारी पंचानं आकडा ठोकला: १५, २२, ३०, ४५. सीट आधीच कलती करून घेतली.

आज संध्याकाळी कोपऱ्यात बसून बघत होतो. कॉलेजची दोन पोरं आली. एकानं पिन काढली, आकडे वाचले आणि पंचेचाळीसला घातली.

"तीसला घाल बे," मी म्हटलं.

"दादा, तीसला तर झोपल्यासारखं वाटतंय. वरची छाती पाहिजे आम्हाला."

खिशातून कोनमापक काढला. मग परत ठेवला न् त्याला म्हटलं, आडवा हो, तुझ्या छातीच्या हाडावर धरून दाखवतो.